पहिल्या दहा मिनिटांचे धनराजभाऊ

धनराजभाऊंच्या घरी बसून गेल्या कित्येक वर्षांत कुणी पूर्ण सिनेमा पाहिलेला नाही. भाईलोकांचा, गोळीबाराचा सिनेमा लागला की ते गल्लीतल्या लोकांना हाका मारून बोलावतात, चहा पाजतात आणि दहाव्या मिनिटाला उठून टीव्ही बंद करतात. "समजला पिक्चर. चला, उठा!" कप धुवायला लावत नाहीत, एवढीच मेहरबानी.

मी आसगावच्या शाळेत शिकवतो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहतो, त्यामुळे ही शिक्षा मला सर्वांत जास्त झाली आहे. भाऊ धानाची शेती करतात. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही. पण सिनेमाची सुरुवात इतक्या बारकाईने पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "पाहा गुरुजी, एक जन बसून जेवून राहिला आन् बाकीचे उभे हायेत. जेवते तो भाई. त्याले पानी देऊन राहिला ना, तोच दगा देनार. आन् ते माय देवाजवळ दिवा लावून राहिली, म्हंजे पोरगं गेलंच हातचं!" पडद्यावरची नावंही अजून संपलेली नसतात. आणि दर वेळी तसंच निघतं. मी घरी जाऊन उरलेला सिनेमा मोबाइलवर पाहून खात्री केली आहे.

हाच न्याय ते माणसांनाही लावतात. मी बदली होऊन आलो, तेव्हा एस्टीतून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी ट्रंकेसकट खाली बसलो. पानठेल्यावरून भाऊ म्हणाले, "हा कॉमेडी हाय." झालं! चार वर्षं होत आली, पालकसभेत मी कितीही गंभीर बोललो तरी लोक हसायला लागतात. याचा राग माझ्या मनात होताच.

म्हणून गेल्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत ते एका सकाळी माझ्या दारात खाली मान घालून उभे राहिले, तेव्हा मला आधी बरंच वाटलं. मग ते म्हणाले, "मनोहर उद्या सुटून राहिला."

मनोहर त्यांचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, भाऊंनीच त्याला वाढवलं. नागपुरात तो एका टोळीच्या नादी लागला, मारामारीत सापडला आणि चार वर्षं तुरुंगात होता.

"तो एस्टीनं चौकात उतरला ना गुरुजी, तं घात होते. खांद्यावर बॅग, पानठेला चूप, बाया दारं लावून राहिल्या. लोकायनं तेवढा सीन पाह्यला का मंग तो जनमभर धान लावो, लोकायले गुंडाच दिसते."

"पण सिनेमा पुढे बदलतो की भाऊ," मी म्हणालो.

"कुठं बदलते? शेवटी भाई मरतेच. अगोदर मी पूर्न पाह्यत होतो. मनोहर आत गेला तवापासून पाह्यवत नाही."

इतकी वर्षं मी त्यांना नुसता चक्रम समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

"तुमी त्याले पवनीवरून गाडीवर आना," भाऊ म्हणाले. "नहराच्या रस्त्यानं, सीधा माह्या बांधीवर. तुमच्या मागं बसलेला मानूस गुंडा वाटूच शकत नाही."

दुसऱ्या दिवशी पवनीला, तालुक्याच्या स्टँडवर, मला एक वाळलेला, घाबरलेला माणूस भेटला. "दादा काहून नाही आला?" एवढंच त्याने विचारलं. "ते शेतात सीन लावताहेत," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही.

बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात पंधरा-वीस बाया ओणव्या होऊन रोप लावत होत्या. गाणं चाललं होतं. भाऊंनी मिठी मारली नाही. चार वर्षांनी भेटलेल्या भावाच्या हातात त्यांनी रोपांची जुडी दिली. मनोहरने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो चिखलात उतरला.

गाणं थांबलं. रांगेच्या टोकाला सखूबाई होती. तिने शब्द टाकला तरच गावातल्या बाया कुणाच्या रोवण्याला जातात. ती कमरेवर हात ठेवून मनोहरकडे बघत राहिली. बांधावर भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काहून रे मन्या," सखूबाई ओरडली, "इतकं खोल खुपसतात का रोप? सडून जाईन ना! इकडं ये, माह्याजवळ लाव." ती दोन पावलं सरकली. रांगेत एका माणसाची जागा झाली आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

दुपारी बांधावर शिदोऱ्या सुटल्या. सखूबाईने आपल्या डब्यातली भाजी मनोहरच्या भातावर वाढली आणि सहज विचारलं, "उद्या माह्या बांधीत रोवना हाय. येतं का?"

मनोहरने दादाकडे पाहिलं. भाऊंचा घास हातातच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि हलवतच राहिले.

"येतो," मनोहर म्हणाला.

"लौकर येजो मंग," सखूबाई म्हणाली. "आन् ह्या रडव्यालेही संगं आन."