सर्वात कमी दराची पदवी

तक्तेसाहेबांनी मुलीच्या कॉलेजसाठी कोटेशनं मागवली, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. पंपांच्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं खरेदी अधिकारी होते. तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि सर्वात कमी दरावर लाल खूण, याशिवाय त्यांनी टाचणीसुद्धा घेतली नव्हती. तक्तेसाहेब हे नाव कारखान्यानं ठेवलेलं. बायको रागावली की तीही ते वापरायची.

घोळ मुलीनं घातला होता. तिला वनस्पती, संख्याशास्त्र आणि नाटक अशी तिन्हींची मिळून एकच पदवी हवी होती. यातलं नेमकं काय, असं तक्तेसाहेबांनी चारदा विचारलं. चारही वेळा तिनं शांतपणे "तिन्ही" म्हटलं. कारखान्यात एका वस्तूला एकच नंबर असतो, त्यामुळे ते पार चक्रावले. पण पोरीचं भलं व्हावं ही तळमळ खरी होती.

अशी पदवी देणाऱ्या तीन कॉलेजांना त्यांनी नेहमीच्या नमुन्यातलं पत्र धाडलं: दर कळवावा, पुरवठ्याची मुदत कळवावी, मालाचा नमुना पाठवावा. पहिल्यानं नुसता दर कळवला, तोही अगदी कमी. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याचा दर दुप्पट, पण खाली प्राचार्यबाईंनी लिहिलं होतं, "नमुना पाठवता येत नाही. येऊन बघावा."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तक्तेसाहेब रजा टाकून नमुना तपासायला गेले. चार दोष काढायचे आणि पहिल्या कॉलेजात पैसे भरून घरी यायचं, असा बेत होता. मागच्या बाकावर ते वही उघडून बसले. वर्गात आवारातल्या एका वाळलेल्या झाडाचा खटला चालला होता. मुलांनी पानं मोजून आकडे मांडले होते, एकजण झाड झाला होता आणि एक मुलगी पंपानं झाडांना पाणी सोडणाऱ्या माळ्याची वकील. तास संपत आला तरी झाड कशानं मेलं ते ठरेना. तक्तेसाहेबांना राहवेना.

"पंप पाणी ओढतोय की नुसताच फिरतोय, हे कुणी बघितलंय का?" त्यांनी उभं राहून विचारलं.

कुणीच बघितलं नव्हतं. सगळा वर्ग त्यांच्यामागून पंपाकडे निघाला. तक्तेसाहेबांनी बाह्या सरसावल्या, पंप उघडला, आत अडकलेला चिखल काढून दाखवला, वर दोन तास शिकवलं. घड्याळ बघितलं तेव्हा पाचला दहा कमी होते. पाचला बंद होणारी फीची खिडकी धावत गाठून त्यांनी दुप्पट पैसे भरले, घासाघीस न करता.

घरी पावती दाखवली, तर मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलीनं हळूच दुसरी पावती पुढे केली. पहिल्या कॉलेजची, सकाळी अकराची, आईकडून पैसे घेऊन भरलेली.

"बाबा, मला तिसरंच हवं होतं, पण तुम्ही कमीच दर घेणार हे माहीत होतं," ती म्हणाली. "म्हटलं, मला नाही म्हणायची वेळ तुमच्यावर यायला नको."

तक्तेसाहेबांना भरून आलं. पहिल्या कॉलेजला फोन केला, तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत, असं उत्तर आलं. अनामत परत मागणाऱ्या पुरवठादारांना त्यांनी हेच आयुष्यभर ऐकवलं होतं.

"आता तक्त्यात काय लिहिणार?" बायकोनं विचारलं.

तक्त्यात शेवटी एक रकाना असतो: सर्वात कमी दर नाकारण्याचं कारण. तो त्यांनी कधी भरलाच नव्हता. बराच वेळ पेन चावून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "तिन्ही कॉलेजांना विचारलं. कोणतं हवं, हे मुलीला विचारायचं राहून गेलं होतं."