घोड्यावरच्या राजाचा अंगरखा

साडीची जर खरी की खोटी, हे सांगायला वेंकूबाईंना डोळेसुद्धा उघडावे लागत नसत. कापड नाकाशी धरलं की झालं! "ही कुंभकोणमची, ही बनारसची, आणि ही तुझ्या माहेरची, म्हणजे पितळ!" असं त्या सुनेला एका दमात सांगून टाकत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं चार पिढ्यांचं घर. शाळा दुसरीतच सुटली, पण त्याचं दुःख झालं असेल तर शाळेला. वेंकूबाईंना नाही!

आणि अशा जाणकार बाईला डावलून मद्रासची ती बाई शेजारच्या शेषम्माकडे गेली! जुनी, राजांच्या काळातली वस्त्रं ती आपल्या संग्रहासाठी विकत घेत हिंडत होती. डाकबंगल्यात उतरली होती. शेषम्माच्या एका फाटक्या पदराचे तिने शंभर रुपये दिले!

"शंभर!" वेंकूबाई कडाडल्या. "अंबुजे, त्या पदराला उंदरांनीसुद्धा तोंड लावलं नव्हतं ग!"

"मग आपण काय द्यायचं, आत्याबाई?" सुनेने विचारलं.

"आपण शोधायचं. बघच तू!"

त्यांचा बेत असा होता. मुनियम्मा नावाची भांडेवाली गल्लोगल्ली फिरायची. जुनं जरीचं कापड घ्यायची आणि बदल्यात एवरसिल्वरचं, म्हणजे स्टीलचं, लखलखीत भांडं द्यायची. ते कापड पुढे भट्टीत जळायचं आणि राखेतून चांदी निघायची. म्हणजे कुणाकुणाच्या आजीपणजीची लग्नं रोज भट्टीत! भट्टीच्या आधी ते गाठोडं गाठायचं, त्यातलं रत्न उचलायचं आणि मद्रासच्या बाईच्या पुढ्यात टाकायचं. अक्कल लागते त्याला, अक्षर नव्हे.

मंगळवारी मुनियम्माने ओट्यावर गाठोडं सोडलं. विटकी धोतरं, भोकं पडलेली उपरणी, आणि तळाशी... वेंकूबाई पुढे सरकल्या. लाल मखमलीचा अंगरखा! छातीवर जरीची वेलबुट्टी, खांद्यांवर झुपके, गळ्याशी मोत्यांची झालर!

"काय घेशील ग?"

मुनियम्माने वेंकूबाईंचं तोंड पाहिलं आणि भाव तिथेच ठरला. "अम्मा, पैसे नकोत. जरीला जर द्या. तुमचा तो लग्नातला जांभळा शालू आहे ना?"

आता इथे कुणीही शहाणी बाई उठून आत गेली असती. कारण येत्या सोमवारी त्यांच्या नवऱ्याची, सीतारामरावांची, साठी होती. साठीला इकडे नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात, मंगळसूत्रासकट. आणि त्या अबोल माणसाने चाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं, "त्या दिवशी तू तोच शालू नेस." एवढंच. ते ऐकून वेंकूबाई भांडी घासायच्या जागी जाऊन उगाचच दोन पातेली आपटून आल्या होत्या, कारण डोळे भरले होते आणि ते कुणाला दाखवायचे नव्हते!

पण जाणकारपणा अंगात आला की माणसाचं काही चालत नाही.

"शुक्रवारपर्यंत शालू तुझ्याकडे ठेव," त्या कुजबुजल्या. "अंगरख्याचे पैसे आले की सोडवून नेते. भट्टीत घालशील तर याद राख!"

"साक्षात मारियम्मन देवीची शपथ, भट्टीत नाही घालणार!"

गुरुवारी निरोप गेला आणि मद्रासची बाई घरी आली. चष्मा, पांढरी खादी, काखेत कापडी पिशवी. वेंकूबाईंनी अंगरखा चौरंगावर मांडला होता. पुढे समईही लावली होती.

"भोसल्यांच्या दरबारातला," त्यांनी जाहीर केलं.

बाईने तो उलटसुलट पाहिला. "कमरेला दोन्ही बाजूंना एवढ्या चिरा का?"

"राजे घोड्यावर बसत ना! खोगिराला जागा नको?"

"आणि आत या जाड दोऱ्या?"

"तलवारीसाठी. एक इकडे, एक तिकडे."

"गळ्याशी पांढरी पावडर दिसते."

"चंदन!" वेंकूबाई म्हणाल्या. "राजे उकाड्याला फार नाजूक."

"आणि जरीची पारख केलीत?"

"राजाच्या वस्त्राला नख लावायचं? मी कुळीन घरातली आहे, बाई!"

मद्रासची बाई वहीत काहीतरी लिहू लागली. वेंकूबाईंनी अंबुजाकडे असं पाहिलं, की जणू ती वही म्हणजे ताम्रपटच! आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीत ढोल वाजला, पोरांचा कल्ला झाला, आणि दारातून एका घोड्याने आत मान घातली.

घोडा कागदाचा होता. घोड्याच्या पोटातून मिशीवाला एक राजा वर निघाला होता. डोक्यावर मुकुट, पायाला लाकडी पाय, आणि मधे नुसतं भोकांचं बनियन! तो होता अमरसिंह, लग्नाच्या वरातीत लाकडी पायांवर घोडा नाचवणारा.

"माझा अंगरखा!" तो गरजला आणि आत घुसला. अर्धा घुसला. घोड्याचं ढुंगण दाराच्या चौकटीत अडकलं. "बायकोने पाण्याच्या घागरीसाठी दिला हो! भांडेवालीने हे घर दाखवलं! तिकडे वरात थांबलीये, आणि राजा बनियनवर!"

"खोटं!" वेंकूबाई ओरडल्या. "हा दरबारातला आहे!"

"दरबारातला कसला? मागच्या पोंगलला मीच शिवला! त्या चिरांतून घोड्याची चौकट निघते, त्या दोऱ्यांनी ती बांधायची. आणि मोती मोजा, बावीस आहेत. तेविसावा माझ्या पोराने गिळला!"

अंबुजाने मोजले. बावीस!

अमरसिंहने सोबत आणलेली ती घागर परत म्हणून चौरंगापाशी ठेवली, अंगरखा चढवला, आणि चार पोरांनी घोडा मागून ओढला तेव्हा कुठे राजाची स्वारी बाहेर पडली. दोऱ्या, चिरा, सगळं कसं जिथल्या तिथे बसलं! चंदनसुद्धा!

मद्रासच्या बाईने हसू गिळायचा फार चांगला प्रयत्न केला. "असू द्या हो, माझी खेप वाया नाही गेली. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एका भांडेवालीकडे हे मिळालं." आणि तिने पिशवीतून काढला जांभळा शालू.

"आत्याबाई," अंबुजा दचकली, "हा तर..."

"गप्प बस!"

खरं सांगायचं तर काय सांगायचं? की घोड्याच्या कपड्यासाठी मी लग्नाचा शालू दिला? सुनेसमोर? आणि उद्या भिंतीपलीकडच्या शेषम्मासमोर? वेंकूबाईंनी दुसरी वाट धरली.

"शीः!" त्या म्हणाल्या. "खोटी जर! टाकाऊ माल. पोतेरं करण्याच्या लायकीचा. मला देऊन टाका, ही नवी घागर घेऊन जा."

"तुमची खात्री आहे?"

"डोळे मिटून सांगते!"

बाईने शालू पुन्हा पिशवीत घातला आणि ती छातीशी घट्ट धरली. "मग नक्की अस्सल आहे," ती उठत म्हणाली. "मला थोडी शंका होती. तुम्ही घालवलीत."

त्याच संध्याकाळी वेंकूबाईंनी मुनियम्माला धरलं. तिने डोळे मोठे केले. "अम्मा, भट्टीत घालू नको म्हणालात. नाही घातला!"

पुढचे तीन दिवस वेंकूबाई घरात अशा वावरल्या, की अंबुजाने दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तीन दिवसांत एकालाही टोमणा नाही! रोज सकाळी त्या ठरवत, आज यांना सांगायचं. आणि रोज सकाळी सीतारामराव पेपर वाचत असत.

सोमवार उजाडला. अंबुजाने काही न विचारता आपली स्वतःची हिरवी साडी पुढे केली. माहेरची. पितळी जरीची! वेंकूबाईंनी ती मुकाट्याने नेसली. होमासमोर, दोन्ही मुलांदेखत, व्याह्यांदेखत, त्या मान खाली घालून पाटावर बसल्या. सीतारामराव वळले. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. वेंकूबाईंनी जरीचा काठ मांडीखाली दडपला.

"अग," म्हाताऱ्याचा आवाज अगदी भरून आला होता, "नेसलीस ना तू! तोच शालू! बघ, चाळीस वर्षांत जरासुद्धा बदलला नाही!"

वेंकूबाईंचं तोंड उघडलं. जिभेवर जे आलं होतं, ते व्याह्यांदेखत बोलण्याजोगं नव्हतं. त्यांनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "खरी जर आहे ना!"