दुपट्ट्याखालचं वासरू

सन दोन हजार चोवीस. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. एवढ्या वर्षांत मी चांगली चांगली माणसं भ्रमिष्ट होताना पाहिली, पण दुपट्ट्याखाली हात घालून मांजर काढणारा माणूस तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

उकंडा आमच्याच गावचा, तिवस्याचा, माझ्या घरासमोर राहणारा. त्या दिवशी ओसरीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर दुपट्टा पसरलेला, दोन्ही हात दुपट्ट्याच्या आत, आणि बोटं वळवळून राहिलेली. समोर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, गेला हा. चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात दलाली केली, आता हवेशी सौदा करून राहिला.

गुरांचा सौदा तोंडानं होत नाही, हे शहरातल्या माणसाला ठाऊक नसतं. घेणारा आणि दलाल दोघं दुपट्ट्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि भाव ठरतो. बाजूच्या माणसाला पत्ता लागत नाही. उकंड्यासारखी बोटं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसऱ्या कोणाची नव्हती.

"कोनाशी बोलून राह्यला बे?" मी विचारलं.

"चूप बस. मिशी वाकडी होते."

मी दुपट्टा उचलला. खाली टॅब्लेट! त्याच्या पोरीनं, बेबीनं, अकोल्याहून पाठवला होता. ती जठारपेठेत राहते. तिच्या पोराला नवा आला, म्हणून जुना बापाकडे आला, भजनं पाहायला. उकंड्यानं एकही भजन पाहिलं नाही. त्याला त्यात एक पोरगी सापडली. व्हिडिओतून नवशिक्यांना गोंडस प्राण्यांची चित्रं काढायला शिकवायची ती.

"पन दुपट्टा काहून?"

"उन्हात काच चमकते. आन् सौदा पुरा होयेपर्यंत हात दाखवाचा नसते."

त्या शिकवणाऱ्या पोरीशी त्याचं रोज भांडण. ती म्हणायची, "एक मोठा गोल काढा, हे झालं डोकं. खाली छोटा गोल, हे अंग."

"बाई," उकंडा ओरडायचा, "एवढ्या डोक्याचं वासरू गाय वेन कशी? मरन ना ते!"

ती आपली हसून पुढं, "बघा, किती सोपं!"

"तुले सोपं. गाईले इचार!"

'दात पाहून बोल' हे त्याचं जन्माचं वाक्य. लग्नाची मुलगी असो की वांगी असोत, दात पाहून बोल. म्हणून त्यानं काढलेल्या मांजराच्या तोंडात समोर आठ दात. पुऱ्या वयाच्या बैलाला आठ असतात, मग मांजरानं काय पाप केलं? कुत्र्याच्या पिलाच्या कपाळावर केसांचा शुभ भोवरा. सशाला तर त्यानं वशिंड काढलं. मी म्हटलं, बाप्पा, सशाले वशिंड? तो म्हणे, "बिनवशिंडाचं जनावर डोयाले भरत नाई."

चूक झाली तर दाबायला त्यात एक उलटा बाण असतो. शेवटची रेघ पुसली जाते. उकंड्यानं त्या बाणाला कधी बोट लावलं नाही. "बोट टेकलं म्हंजे शब्द गेला. मांगं फिरनारा दलाल बाजारात उभा राहत नाई." एक रेघ वाकडी गेली की सारं टाकून नवं पान. टॅब्लेटमध्ये अर्ध्या मांजरांचा आणि बिनपायाच्या कुत्र्यांचा कोंडवाडा झाला होता.

मग ती पोरगी लेयर शिकवायला लागली. म्हणजे पारदर्शक कागदावर कागद. खालच्यावर अंग काढायचं, वरच्यावर डोळे. उकंड्यानं डोळे काढले, चमक बिमक भरली, आणि अंग नीट करायला गेला तर वरचाच कागद सरकला. डोकं आंधळं, आणि दोन मोठे पाणीदार डोळे शेपटीखाली! मी इतका हसलो की तोंडातला तंबाखूचा खर्रा गिळला.

"तिसरी शिकलेल्यानं हसू नोको," तो म्हणाला.

"तू तं दुसरी!"

"दुसरी, पन पास!"

हे त्याला बोलायचं कारण नव्हतं. मी तिसरीत बसलो हे खरं आहे. उठलो कसा, ते सांगायची मला गरज वाटत नाही. आठ दिवस आमचं बोलणं बंद.

नवव्या दिवशी तो माझ्या दारात आला. आपणहून कोणाकडे जाणारा माणूस नाही हा.

"किसना, त्या वासराचा कोनता कान पांढरा होता?"

कोणत्या वासराचा, हे मी विचारलं नाही.

बेबी नऊ वर्षांची असताना त्यांची गाय व्यायली आणि मेली. वासरू जगत नव्हतं. या पोरीनं वाटीनं दूध पाजून जगवलं. ते तिच्या मागं शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. एक दिवस घरी गिऱ्हाईक आलं, त्यानं दुपट्ट्याखाली हात घातला, आणि उकंड्यानं वासरू देऊन टाकलं. नड काही नव्हती. दलालाच्या घरचं जनावर विकाऊ नाही असं कोणी म्हणू नये, एवढीच ऐट. बेबी शाळेत होती. मीच ते माझ्या बैलबंडीमागं बांधून दोन कोसांवर पोचवून आलो.

या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं झाली. बेबी माहेरी येते, पण बापाच्या घरी चहा बिनदुधाचा पिते आणि दिवस बुडायच्या आत निघते. फोनवर, "जेवले काय बाबा? ठेवतो." संपलं.

"हजार जनावरं हातातून गेली," उकंडा म्हणाला. "एकेकाचा भोवरा सांगतो. हे एक घरचं होतं, आन् त्या दिवशी म्या त्याच्याकडं पाह्यलंच नाई. बेबीले पाठवाचं हाय. कान चुकला तं बेबी म्हनन, बापाले तेवढंई याद नाई."

मलाही याद नव्हती. पण 'मला ठाऊक नाही' हे शब्द माझ्या तोंडून लहानपणापासून निघालेले नाहीत.

"डावा," मी म्हटलं.

"पक्कं?"

"बंडीमागं म्या बांधलं का तुवा?"

चार दिवसांनी त्यानं मला बोलावलं. दुपट्टा बाजूला ठेवलेला होता. काचेवर वासरू होतं. डोकं मोठं, डोळे त्याहून मोठे, वशिंड नाही, भोवरा नाही. डावा कान पांढरा.

"दात?" मी विचारलं.

"तोंड वाटीत हाय त्याचं. दिसत नाई."

खरंच, खाली एक वाटी होती आणि वाटी धरलेले दोन लहान हात होते.

चित्र पाठवलं. दोन दिवस काही उत्तर नाही. उकंडा टॅब्लेट काखेत घेऊन पानठेल्यावर जाई, न्हाव्याकडे जाई. दाढी करताना मांडीवर टॅब्लेट. विचारलं की म्हणे, "घरी उंदरं लय झाले, कुरतडतीन."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅब्लेट वाजला आणि काचेवर बेबीचं तोंड आलं. ती एकदम हसली.

"बाबा, डोकं केवढं काढलं हो!" मग डोळे पुसत म्हणाली, "पन कान उजवा होता, बाबा. उजवा."

उकंड्याचं तोंड उतरलं. तो माझं नाव घेऊ शकत होता. मी बाजूलाच होतो. पण त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हय बेबी," तो म्हणाला. "माईच चूक. म्या पाह्यलंच नोतं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी काचेसमोर मान घातली. "बेबी, मी किसनकाका. कान म्या सांगतला. मले याद नोतं."

"काका, तुमाले याद नोतं? तुमाले?" बेबीला हसू आवरेना. मग म्हणाली, "असं करा बाबा, त्याले हात लावू नोका. मी उद्या नागपूरले जानाऱ्या एसटीनं येतो. दोन दिवस राहीन. कान मीच रंगवतो."

काच काळी झाली. उकंड्यानं ती पुसली, परत पुसली. मी घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी स्टँडवर गेलो. अकोल्याकडून येणारी गाडी अकराच्या आधी येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. बाकड्यावर उकंडा बसलेला, धुतलेल्या धोतरात.

"काहून आला?" त्यानं विचारलं.

"हवा खाले. तू?"

"मीबी."

"सरक तिकडं," मी म्हटलं आणि त्याच्याशेजारी बसलो.