भाऊरावांचा बेहडा

"रविवारी पोरांना वनसंग्रहालयात मी नेणार. एकटा!" भाऊराव सोनवणे यांनी ताटावरून उठता उठता जाहीर केलं.

गुजरातेत, लिंबायत वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत अशी शांतता पसरली, की जणू गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडले! सून जयश्रीच्या हातातली पोळी तव्याच्या अर्ध्या वाटेवर थांबली. नीलम आणि सागर ही नातवंडं एकमेकांकडे बघायला लागली. शोभाबाईंनी तेवढ्यात नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," त्या सुनेला म्हणाल्या.

त्यांचंही चुकलं नव्हतं. भाऊरावांनी आयुष्याची चौतीस वर्षं साड्यांच्या एका गोदामात काढली होती. कुठल्या नंबरची साडी कुठल्या खणात, हे ते झोपेतही सांगत; पण गिऱ्हाईक समोर आलं, की गठ्ठ्यांमागे जाऊन उभे राहत. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक, घरी आल्यावर पुस्तक. पुस्तकाशी बोलावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. माणसाशी बोलायची वेळ आली, तर कुडत्याच्या उजव्या खिशातली सुपारीची गोल लाकडी डबी मुठीत घट्ट धरायची. तेवढाच धीर!

"आप्पा," जयश्री जपून म्हणाली, "मागच्या वर्षीचं विसरलात का?"

विसरणार कसं! मागच्या वर्षी बागेत जायला निघालेले भाऊराव बसमध्ये 'थांबवा' म्हणायला लाजले होते. आता म्हणू, मग म्हणू करता करता बस थेट सचिनच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचली. पोरांनी बागेऐवजी केमिकलचे कारखाने पाहिले, भजी खाल्ली आणि दिवेलागणीला घरी आली. तोवर जयश्रीने सतरा जणांना फोन केले होते.

"यावेळी तसं होणार नाही," भाऊराव म्हणाले. आवाज थोडा कापला, पण मागे हटला नाही. "घरी एकही फोन येणार नाही. आला, तर यापुढे पोरांना कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा मी नेणार नाही. बस्स!"

"पण तिथे बघायचं काय, हे तुम्हाला माहीत आहे का?"

भाऊरावांनी पिशवीतून विटेएवढं एक पुस्तक काढलं. "झाडांवरचं आहे. दोनदा वाचलंय."

तिसऱ्यांदा वाचायला त्यांनी शनिवार घेतला.

रविवारी सकाळी साडेनऊला तिघं संग्रहालयाच्या दारात हजर! बस थांबवायला भाऊराव खरंच ओरडले होते. इतके, की दोन थांबे अलीकडेच उतरावं लागलं. पण ते चालण्यावारी गेलं. दारावर नोंदवहीत नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा होता. भाऊरावांचा फोन नेहमीप्रमाणे घरी चार्जिंगला होता आणि पाठ नंबर एकच, जयश्रीचा. तो त्यांनी लिहिला. नुसती नोंदच तर आहे!

आत गेल्यावर पोरं उधळली. एका ओंडक्यावर बसलं, की तो अस्वलासारखा गुरगुरायचा. सागर त्यावर अकरा वेळा बसला. जिकडे तिकडे पाट्या होत्या, 'महेरबानी करीने अडो!' म्हणजे कृपया हात लावा! भाऊरावांना ती पाटी वाचूनच घाम फुटला. जन्मभर मालाला कुणाचा हात लागू नये हे बघण्यात गेलेला माणूस तो. तरी हिय्या करून त्यांनी एका वाघाच्या पाठीला एक बोट लावलं आणि 'माफ करा' म्हणाले.

"आप्पा, तो भुशाचा आहे," नीलम म्हणाली.

"असू दे. वयाने मोठा असेल."

मग ते मोठ्या दालनात आले आणि जागच्या जागी खिळले.

समोर भिंतभर लाकडी कपाट. अठ्ठेचाळीस खण. प्रत्येक खणावर गुजरातीत झाडाचं नाव आणि काचेचं एक पान. प्रत्येक खणात एक गोल लाकडी डबी, तिच्यात त्या झाडाची बी नाहीतर फळ. उघडा, हुंगा, हात लावा. सगळं छान होतं. फक्त एकच गोष्ट सोडून! भाऊरावांनी 'साग' लिहिलेल्या खणातली डबी उघडली, तर आत रिठे. 'पळस'मध्ये चिंचोके. 'करंज'मध्ये बाभळीच्या शेंगा!

"अरे देवा," ते पुटपुटले, "माल फिरलाय!"

गोदामातल्या माणसाला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. माल फिरला म्हणजे जेवण बंद, चहा बंद, कुणी फिरवला ही चौकशी नंतर. आधी माल जागेवर! मार्केटमध्ये चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. शेजारी एका फलकावर काहीतरी लिहिलेलं होतं, कपाटापुढे दोरीही बांधली होती. दोन्हींचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही. दिसले ते फक्त चुकलेले खण.

"नीलम, सागर, तुम्ही अस्वलावर बसा. मला थोडं काम आहे."

आणि भाऊराव दोरीखालून आत शिरले. बाह्या वर, चष्मा नाकावर, पुस्तक जमिनीवर उघडं. हा लाजरा माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला! दोन्ही हात सपासप चालू. मोह इकडे, बिबा तिकडे, शिवण वर, खैर खाली. एखादी डबी जागेवर बसली, की वरचं काचेचं पान हिरवं उजळे. त्यांना वाटलं, सोय बरी आहे. असे दिवे गोदामात असते तर! अडले ते फक्त एका ठिकाणी. तपकिरी सालीचे तुकडे. हे हिरड्याचे की बेहड्याचे? स्वतःवर भरवसा नाही म्हणून पुस्तकात तीनदा पाहिलं, चित्राशी ताडून पाहिलं. बेहडा. 'चव अत्यंत तुरट,' पुस्तकात लिहिलं होतं. चाखून बघायचा धीर झाला नाही. ती डबी त्यांनी सर्वांत शेवटी खणात ठेवली.

अठ्ठेचाळिसावं पान उजळलं.

आणि जंगल जागं झालं!

वीज कडाडली. वाघाने डरकाळी फोडली. चारी बाजूंनी मोर ओरडले. जमिनीतून धुक्याचे लोट निघाले, मखमली पडदा आपोआप सरकला आणि छताला टांगलेली टोपली उलटी होऊन पाच किलो झेंडू भाऊरावांच्या डोक्यावर पडला. वरून आवाज आला, "धन्य हो, नन्हे वनरक्षको!"

नन्हे वनरक्षक अडुसष्ट वर्षांचे होते आणि पुस्तक छातीशी धरून झेंडूत उभे होते.

"कोणे कर्युं आ?" धुक्यातून एक गृहस्थ धावत आले. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव हितेशभाई. इथले व्यवस्थापक. "काका! आ तमे कर्युं?"

"मी... माल फिरला होता... नुसता जागेवर लावला..."

"फिरला नव्हता! आम्ही फिरवला होता!" हितेशभाईंच्या तोंडून एकाच वेळी गुजराती, हिंदी आणि मराठी निघायला लागली. ते दोरीशेजारच्या फलकाकडे बोट दाखवत होते. फलकावर लिहिलं होतं : आज बारा वाजता शाळेचे विद्यार्थी वनखात्याच्या मोठ्या साहेबांसमोर जंगल जागं करणार! साठ मुलं अर्ध्या तासात येणार होती. महिनाभर तयारी चालली होती. आणि इथे जंगल जागं होऊन, फुलं पाडून मोकळं झालं होतं!

"आमच्या माणसांना तक्ता बघून हे लावायला दोन दिवस लागतात," ते भाऊरावांकडे संशयाने बघत म्हणाले. "तमे प्रोफेसर छो?"

"साडी... साड्यांच्या गोदामात होतो."

हितेशभाईंनी कपाळावर हात मारला. "घरनो नंबर आपो. जबाबदार माणसाशी बोलतो."

भाऊरावांच्या डोळ्यांपुढे जयश्री, तवा आणि अर्ध्या वाटेवरची पोळी उभी राहिली. "फोन नको!" ते एवढ्या जोरात म्हणाले, की ओंडक्यातलं अस्वल गप्प झालं. "तुम्ही म्हणाल ते करतो. फोन तेवढा नको!"

"तो पछी, हे सगळं परत उलटं करा. वीस मिनिटांत!"

म्हणायला सोपं होतं. भाऊरावांनी सागाची डबी उचलली आणि निग्रहाने पळसाच्या खणात ठेवली. पण उजव्या हाताने ठेवली, की डावा हात ती उचलून परत सागात नेई! त्यांनी डोळे मिटून प्रयत्न केला. डोळे मिटूनही डब्या बरोबर जागी गेल्या. चौतीस वर्षांची सवय! पाच मिनिटांत एकही पान विझलं नाही.

"आप्पा, बाजूला व्हा," नीलमने हुकूम सोडला. "हे आमचं काम आहे. चल सागऱ्या!"

अस्ताव्यस्त करणं म्हणजे काय, ते मग हितेशभाईंनी पाहिलं! चार मिनिटांत अठ्ठेचाळीस खणांचा असा काला झाला, की सागरने एका खणात आपली चप्पलही ठेवली. नीलमने ती बाहेर काढली. तेवढ्यात भाऊराव पुन्हा हळूच एक डबी उचलताना सापडले.

"आप्पा! हात खिशात! दोन्ही! आणि काढायचे नाहीत!"

त्यांनी निमूटपणे दोन्ही हात खिशात घातले आणि मागच्या खांबाला टेकून उभे राहिले. खाली सांडलेला झेंडू टोपलीत, टोपली वर. बाहेर गाडीचा दरवाजा वाजला.

मोठे साहेब आले. मुलं आली. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि साठ मुलं कपाटावर तुटून पडली. टाळ्या, आरडाओरडा, एकेक पान हिरवं. चाळीस! पंचेचाळीस! सत्तेचाळीस!

आणि थांबलं.

एक खण रिकामा. मुलांनी टेबलाखाली पाहिलं, एकमेकांच्या खिशांत पाहिलं. मास्तरांचा चेहरा पांढऱ्या कोऱ्या कापडासारखा झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. हितेशभाई हळूहळू पडद्यामागे सरकायला लागले.

नीलमने रिकाम्या खणावरचं नाव वाचलं, मागे वळली आणि आजोबांकडे पाहिलं. "आप्पा... बेहडा! खिशात?"

भाऊरावांना आठवलं. हात खिशात घातले, तेव्हा हातात डबी होती!

आता समोर साठ मुलं, त्यांचे मास्तर, साहेब, साहेबांची माणसं, दोन कॅमेरे. मध्ये वीस पावलं. गठ्ठ्यांमागे लपायला एकही गठ्ठा नाही. नीलमला डबी देता आली असती. पण माल ज्याच्या हातून गेला, त्यानेच तो जागेवर ठेवायचा, हा गोदामाचा नियम! त्यांनी दात घट्ट आवळले. उजव्या खिशातल्या डबीभोवती मूठ मिटली आणि ते निघाले. चष्म्यावर धुक्याचा थर होता, समोर नुसते हिरवे ठिपके दिसत होते. पण वीसच्या वीस पावलं ते चालले. डबी खणात ठेवली.

एक क्षण काहीच झालं नाही. मग शेवटचं पान उजळलं!

वीज, वाघ, मोर, धुकं, झेंडू! यावेळी झेंडू बरोबर साहेबांवर पडला. टाळ्यांचा कडकडाट! साहेब खूश होऊन पुढे आले आणि त्यांनी तीच डबी उचलली.

"बेहडा!" ते कॅमेऱ्यांकडे बघत म्हणाले. "आजची मुलं गोळ्या-चॉकलेट खातात. आम्ही लहानपणी हाच खायचो. असा!" आणि त्यांनी दोन तुकडे तोंडात टाकले.

भाऊरावांना पुस्तक आठवलं. अत्यंत तुरट!

साहेब चावत राहिले. त्यांच्या भुवया वर गेल्या. "वाह! शुं सुगंध छे! बघा, जंगलात केवढी संपत्ती आहे!" आणि अजून चार तुकडे घेतले.

पुस्तक चुकलं म्हणायचं का? भाऊराव गोंधळले. की आपणच दुसरं काहीतरी वाचलं? तीनदा वाचूनही? पडद्यामागून हितेशभाई त्यांच्याकडे टक लावून बघत होते. भाऊरावांना वाटलं, उपकार मानताहेत. त्यांनी लाजून नमस्कार केला.

परतताना बसमध्ये त्यांचा हात सवयीने उजव्या खिशात गेला. डबी नव्हती. दचकून डाव्या खिशात चाचपलं. होती! भाऊराव हसले. आज डबी मुठीत धरायची गरजच उरली नव्हती. लिंबायतचा थांबा आल्यावर ते एकदाच "थांबवा!" म्हणाले आणि बस बरोबर थांबली.

"एकही फोन आला नाही ना?" उंबरठ्यावरूनच त्यांनी विचारलं.

"नाही आला," जयश्री म्हणाली. पोरांकडून सगळं ऐकल्यावर तर ती स्वतः उठून चहा घेऊन आली. "आप्पा, पुढच्या रविवारी मत्स्यालयात न्याल का? तुम्हीच न्या."

चौतीस वर्षांत कुणी दिली नसेल एवढी मोठी बढती होती ती! भाऊरावांनी मान डोलावली आणि चहा एका घोटात संपवला. 

"चहा झाला. जरा सुपारी द्या," शोभाबाई म्हणाल्या. लवंग, बडीशेप घालून ही सुपारी त्या स्वतःच भाजत. भाऊरावांनी ऐटीत डबी पुढे केली. शोभाबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"ओ माय! हाई काय शे?" त्या माहेरच्या बोलीत ओरडत मोरीकडे धावल्या. "तोंड निस्ता लाकूड व्हई गयं!"

भाऊरावांनी डबीत पाहिलं. तपकिरी सालीचे तुकडे. हिरडा नाही. नक्कीच बेहडा.

पुस्तक बरोबर होतं!

हा आनंद अर्धा क्षण टिकला. कारण मग त्यांना उजव्या खिशातली दुसरी डबी आठवली, साहेबांचं तोंड आठवलं. पण मग ते पान उजळलं कसं?

त्याच वेळी जयश्रीचा फोन वाजला.

ती बराच वेळ नुसती "हो... हो..." करत होती. मग फोनवर हात ठेवून भाऊरावांकडे वळली. तिच्या दुसऱ्या हाताची मूठ कमरेवर होती, पण ओठ दाबूनही हसू फुटत होतं.

"आप्पा, संग्रहालयातून हितेशभाई बोलताहेत. नोंदवहीत नंबर मिळाला म्हणे. शेवटचा दिवा त्यांनीच मागून बटण दाबून लावला, ते कुणाला सांगू नका म्हणाले. पण साहेब ऐकत नाहीयेत. त्यांना घरी न्यायला तोच बेहडा दोन किलो हवाय. कुठल्या जंगलातला आहे, विचारताहेत."

भाऊरावांनी मोरीकडे पाहिलं. शोभाबाई तिसऱ्यांदा चूळ भरत होत्या.

"सांग," ते खालच्या आवाजात म्हणाले, "लिंबायतच्या."