तात्यांचं ओके

सरावलीच्या तात्यांच्या घरात त्या वर्षी 'ओके' शिरलं ते चिक्कूच्या करंड्यांमागून. डहाणू रोड स्टेशनात पार्सलबाबूने त्यांची करंडी हलवून पाहिली, झाकण सैल म्हणून चारचौघांत परत केली आणि पुन्हा बांधून आणल्यावर तिच्यावर खडूने 'ओके' लिहिलं. अपमान तात्या वाटेतच विसरले, शब्द तेवढा घरी आणला. एवढ्याशा शब्दात तपासणी, पसंती आणि हुकूम तिन्ही उरकतात, हे त्यांच्या काटकसरी स्वभावाला फार मानवलं.

घरात नियम झाला. तात्यांनी पाहून ओके म्हटल्याशिवाय काही पुढे सरकायचं नाही. गाडीची चाकं ओके, आमटीचं मीठ ओके. काकड्या नावाचा गडी बाजाराला निघाला, तर त्यालाही दारात थांबवून नखशिखान्त ओके करत. विजयमालाबाई यावर काहीच बोलल्या नाहीत. बायकोचं गप्प बसणं तात्या नेहमी जमेला धरत.

अशात झरीचे हेडमास्तर एकनाथराव बायको-मुलासह तात्यांच्या लेकीला, वसुमतीला पाहायला आले. मुलगा विष्णू तलासरीला सरकारी नोकरीत. असं स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, हे तात्यांनी आठवडाभर घरात बजावलं होतं.

पाहुणे बसले. यंदाचा चिक्कू झाला, रस्त्याचे खड्डे झाले, तरी चहा येईना. तात्या दोनदा खाकरले. शेवटी त्यांनी आत हाक मारली.

"तयार आहे कधीचा," आतून विजयमालाबाई म्हणाल्या. "तुमचं ओके व्हायचंय."

तात्या हसत हसत आत गेले, कपाला जेमतेम ओठ लावला, ओके म्हणाले आणि बाहेर येऊन बसले. चहा आला. हेडमास्तर म्हणाले, फक्कड. त्यांच्या पत्नीही तेच म्हणाल्या. पण मग पोहे अडले. तात्या पुन्हा उठले. मग पाणी अडलं. तिसऱ्या फेरीला हेडमास्तरीणबाईंनी हळूच विचारलं, की तुमच्याकडे स्वयंपाकाचं यजमानच पाहतात का. तात्यांच्या कपाळाला घाम आला.

तेवढ्यात विजयमालाबाई दारात आल्या. "वसू तयार आहे. पाठवू, की आधी तुम्ही बघताय?"

"अगो, माणसाला काय ओके करायचं?"

"काकड्याला करता की."

वसुमती मग कुणाची वाट न पाहता बाहेर आली. शिक्षण, शिवणकाम, सगळ्या प्रश्नांना तिने सरळ उत्तरं दिली. हेडमास्तर खूश झाले आणि यजमानांचं मन राखायला म्हणाले, "आमच्याकडून ओके."

तात्यांचा जीव भांड्यात पडला. ते तोंड उघडणार, तोच वसुमती म्हणाली, "तात्या, पार्सल ज्याच्या नावावर, त्यानं बघून घ्यायचं ना?"

स्थळ गेलं, असं तात्यांनी मनातल्या मनात मांडूनही टाकलं.

वसुमती विष्णूकडे वळली. "चहा कसा होता?"

विष्णूने वडिलांकडे पाहिलं. ते पोह्यांत खोबरं शोधत होते. आईकडे पाहिलं, तिने डोळे मोठे केले. त्याने तात्यांकडेही एकदा पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"साखर नव्हती," तो म्हणाला. "मुळीच नव्हती. तरी संपवला."

तात्यांनी आपला कप उचलून पहिल्यांदाच नीट घोट घेतला. तो गिळायला त्यांना बराच वेळ लागला.

वसुमतीने आईकडे पाहून मान हलवली. "ओके."

विजयमालाबाई आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि तात्यांच्या पुढून तो थेट जावयाच्या कपापाशी नेला. वाटेत कुणाला दाखवला नाही.