समतेच्या पंगतीत वाढावे कोणी, याची हकीकत

॥ श्री अन्नपूर्णा पाठीशी असो ॥ भुकेल्यास धीर, लिहिणारास शाई आणि ऐकणारास जाग लाभो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे. राज्याचे नाव सांगितल्यास शेजारचे राज्य हसेल, सबब सांगत नाही.

राणी मथुराऊसाहेब लग्न होऊन गडावर आलियापासून ऊन पुरणपोळी जेवल्या नव्हत्या. वहिवाट ऐसी की आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, मग पाहुण्यांची, आणि सर्वांस वाढून जाहले म्हणजे बायकांची. तोवर पोळी ऐसी व्हावी की तिची ढाल करून लढाईस जावे. मग पाडव्याचे आदले दिवशी मथुराऊंनी महाराजांस अर्ज केला की, "उद्या पोळी तव्यावरून थेट आमचे पानात यावी. बायकांसाठी काही हुकूम व्हावा." महाराज मायाळू, त्यांस वाईट वाटले, आणि त्यांनी न्यायाधीश नारोपंतांस बोलाविले. नारोपंत बोलिले, "बायकांसाठी वेगळा हुकूम कशास? सर्वांसाठी समता करितो. सर्वांत बायका आल्याच." आणि हुकूम सुटला की लहानथोर, स्त्रीपुरुष, सर्वांनी एकाच वेळी एकाच पंगतीस बसावे.

दुसरे दिवशी सरदाराशेजारी त्याचे घोडे राखणारा मोतद्दार बसला आणि दिवाणजींशेजारी दळणारीण बसली, ते पाहून मथुराऊंस संतोष जाहला. आणि मुदपाकखान्यातील बायका हात धुऊन, पदर सावरून बसल्या, आणि मथुराऊही बसल्या. मग श्लोक जाहला, मग दुसरा जाहला, मग सेनापतींनी पाठ नसलेला तिसराही म्हटला, आणि पाने रिकामीच.

"वाढणारे कोठे आहेत?" महाराजांनी पुसिले.

"बसल्या आहेत," मथुराऊ बोलिल्या.

सेनापती कळवळले, "पंत, वास येतो, पोळी येत नाही!"

"धीर धरा," पंत बोलिले. "उपास सर्वांस समान आहे. हुकूम तंतोतंत चालला आहे."

गडाची रीत ऐसी की पंगतीतून एकही उपाशी उठला तर सारी पंगत मोडली, सबब कोणी हलेना. चुलीपाशी पोळ्यांची चवड दिसत होती, तिची वाफ विरळ होत चालली, आणि मथुराऊंचे गुडघे सवयीने उठू पाहात, ते त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरिले. सारी पंगत त्यांजकडेच पाहू लागली.

महाराज हळूच बोलिले, "राणीसाहेब, आजच्या दिवस..."

"आजच्या दिवस तर नाहीच."

"पण कोणी उठले तर पंगत मोडते."

"आम्ही रोज उभ्याच असतो, महाराज. तेव्हा मोडलेली कोणास दिसली नाही."

नारोपंत तापले, "म्हणजे पुरुषांनी उठावे? हा पक्षपात! समतेस बट्टा!"

"पंत, समता म्हणजे सर्वांस सारखा पाट. तो दिलात, फार चांगले केलेत. परंतु वाढणे बायकांचेच, हे तुम्ही न बोलता धरून चाललात. ते धरलेले सोडवावयाचे, त्यास स्त्रीवाद म्हणावे. जावयाचे आपणां दोघांस एकाच गावी; वाटेतला उंबरा तुम्हांस दिसत नाही, आम्हांस रोज ठेच लागते."

"तथापि अन्याय तो अन्यायच," पंत पुटपुटले.

"अन्याय नव्हे, पंत, तूप आहे. ते घेऊन उठा."

तेव्हा महाराजच उठले. पंगतीने श्वास रोखिला, आणि गड जागचे जागी राहिला. मग सेनापती उठले, मग दिवाणजी, मग नाइलाजे पंत, आणि वाढण्याची ऐसी धामधूम जाहली की कटाची आमटी भातावर न पडता मोतद्दाराच्या मांडीवर पडली, मीठ पानाच्या मध्यभागी आले, आणि पंतांनी तुपाची धार धरिली ती स्वतःच्याच अंगरख्यावर. परंतु महाराजांनी तळाची एक पोळी ऊन ऊन शोधोन मथुराऊंचे पानात घातली. मथुराऊंचे बोट पोळले. त्या डोळे मिटून जेवल्या, आणि मग दुसरी मागितली.

सरतेशेवटी महाराज जेवावयास बसले. एक घास घेऊन बोलिले, "पोळी गार आहे."

"शेवटी बसले म्हणजे असतेच," मथुराऊ बोलिल्या.

तात्पर्य, त्या राज्यात समतेचा हुकूम कायम राहिला, आणि त्याखाली वाढण्याच्या पाळ्या लिहिल्या गेल्या, त्यांत पहिले नाव पंतांचे. जाहले तैसे लिहिले. अधिक उणे वाटल्यास आधी जेवून घ्यावे, मग बोलावे.