सर्वसुगम चार्जिंग केंद्राचे गुणवर्णन

ज्याची सोय करायची त्याला विचारू नये, हा लोककल्याणाचा पाया आहे. विचारलं की तो बोलतो, बोलला की खर्च वाढतो, आणि शेवटी खरोखरच सोय होऊन बसते. आमच्या शहरातलं ‘सर्वसुगम विद्युत वाहन चार्जिंग केंद्र’ याच पायावर भक्कम उभं आहे.

केंद्र खुलं करण्याआधी त्याची रीतसर चाचणी झाली. समितीचे सगळे सदस्य आळीपाळीने चाकांच्या खुर्चीत बसले. शिपायाने त्यांना उतारावरून वर ढकललं. वर पोचल्यावर प्रत्येक सदस्य खुर्चीतून उठला, यंत्राचा पडदा वाचला आणि ‘काहीच अडचण नाही’ असा अभिप्राय देऊन पायी खाली आला. समाधानाचं प्रमाण शंभर टक्के. (शिपायाचं मत घेतलं नाही. एक तर तो समितीत नव्हता, आणि त्याला बोलण्याइतका श्वासही उरला नव्हता.)

माझी मोठी बहीण कवळ्या बनवते. दंतवैद्य मापं पाठवतात, ताई घरी दात घडवते आणि स्वतः गाडी चालवत दवाखान्यात पोचवते. ताईचे पाय चालत नाहीत; गाडी चालते, तीही ब्रेकसकट हाताने. शहराच्या दुसऱ्या टोकाचे दवाखाने तिला कायमचं काम द्यायला तयार होते, पण जाऊन-येऊन एका चार्जमध्ये भागत नाही. वाटेतलं हे केंद्र एकटीला वापरता आलं तर होकार, नाहीतर नकार, असं तिने ठरवलं. परीक्षेला मला नेलं ते फक्त साक्षीदार म्हणून.

“तू गाडीतून उतरायचं नाहीस.”

“आणि तू पडलीस तर?”

“तर काचेतून बघ. रोज काय तुला डिकीत घालून फिरू, शहाण्या?”

मागच्या सीटवर डबीत एका निवृत्त प्राध्यापकांची कवळी होती. ती त्याच टोकाच्या दवाखान्यात पोचवायची होती; संध्याकाळी त्यांचं भाषण होतं.

यंत्राला लागून एक रुंद निळी जागा आहे, तिच्यावर चाकांच्या खुर्चीचं चित्र आहे, आणि त्या चित्रावर एक गाडी उभी होती. (पेट्रोलवर चालणारी. तिला चार्ज नको होता, सावली हवी होती.) बाकीच्या जागा इतक्या अरुंद, की दार उघडून खुर्ची काढता येत नाही. ताईने त्या गाडीच्या शेपटाला खेटून आपली गाडी लावली, खुर्ची उलगडली आणि उतार चढली.

उतार उत्तम आहे, हे शत्रूनेही मान्य करावं. तो जिथे संपतो तिथे लोखंडी खांब रोवलेले आहेत, यंत्राला कुणी धडकू नये म्हणून. खांबांमधून माणूस जातो, खुर्ची जात नाही. म्हणजे ज्यांच्यापासून धोका होता त्यांचा पक्का बंदोबस्त. ताईने भट्टीतून साचे काढायचा लांब चिमटा पिशवीतून काढला, खांबांमधून हात घातला आणि पडद्याला टेकवला.

यंत्र बोलू लागलं, कारण अंधांचीही सोय केलेली आहे. “अधिभारवाहिनी ग्रहणबिंदूत प्रस्थापित करण्यापूर्वी कृपया आपण मानव असल्याचे सिद्ध करावे. पायऱ्या असलेली चित्रे निवडा.” (अधिभारवाहिनी म्हणजे केबल. चित्रांत काय आहे ते यंत्र सांगत नाही. अंधांनी एवढं तरी स्वतः पाहावं.)

ताई इतकी हसली की मला काचेतून ऐकू आलं. “अरे, मला पायऱ्या ओळखायला सांगतंय! जन्म गेला माझा ह्यात!”

पहिल्या फटक्यात पैकीच्या पैकी. ती मानव निघाली.

केबल मात्र उंच आकड्यावर होती. ताईने मदतीचं बटण दाबलं, तसे खोलीतून मदतनीस आले.

“ताई, मला नाही देता येणार. जुन्या साहेबांची बदली झाली आणि नव्यांनी अजून चार्ज घेतलेला नाही.”

“अहो, मला गाडीला चार्ज हवाय.”

“तेच म्हणतोय. वर चार्ज नसताना मी खाली हात लावला, तर उद्या माझ्यावर येईल.”

“मग साहेब येईपर्यंत केंद्राचा चार्ज मलाच द्या.”

मदतनीस विचारात पडले. (असा प्रस्ताव नियमात बसत असावा.) तेवढ्यात ताईने चिमट्याने केबल उचकटून मांडीवर पाडली. समिती, खांब, मानवता आणि साहेब या सगळ्यांना पुरून उरलेली माझी बहीण मांडीवर ते अजगर घेऊन उतारावरून खाली आली.

आमच्या गाडीपासून हातभर अंतरावर केबल संपली.

यात केंद्राचा दोष नाही. केबल निळ्या जागेच्या मापाने केलेली आहे, कारण खुर्चीवाल्यांनी निळ्या जागेतच लावायचं असतं.

तेवढ्यात त्या गाडीचा मालक समोरच्या दुकानातून बाहेर आला. माणूस सभ्य. ताईला बघून कळवळला. “पाचच मिनिटं हं, ताई! एक पिशवी आत राहिली. आणि खरं सांगू? रोज बघतो, इथे कुणी येतच नाही. म्हणून तर लावतो.” एवढं बोलून तो पिशवी आणायला गेला.

ताईने आधी घड्याळातली पाच मिनिटं वाट पाहिली, मग त्याची. मग केबल खांबाला गुंडाळली आणि उरल्यासुरल्या चार्जवर गाडी घरी वळवली. घरी येऊन तिने दवाखान्यांना नकार कळवला. प्राध्यापकांचं भाषण बिनदाताचं झालं. (श्रोत्यांना फरक जाणवला नाही.)

सभ्य गाडीमालक, तुमचा मला राग नाही. तुम्ही उद्धट बोलला नाहीत, हे मी सगळ्यांना सांगतो. शिवाय तुमचं म्हणणं आता खरंही झालंय: तिथे कुणी येत नाही. निर्धास्त लावत जा.

फक्त एक लक्षात ठेवा. ताई आता त्या बाजूला कवळ्या पोचवत नाही. दात पडले की तुम्हालाच आमच्याकडे यावं लागेल. या अवश्य. दाराला पायरी नाही, उतार आहे, आणि गाडीसाठी रुंद जागा मोकळी ठेवली आहे. त्या वयात तुम्हालाही ती लागेलच.